बिनखुंट्यांचं नेट

"ए थांब! ठोकू नगंस!"

आत्याचा आवाज असा आला की संग्रामदादाचा हातोडा वरच्या वर राहिला. मी खुंटी धरून बसले होते, ती सोडून झटकन मागं सरकले. शालन आत्या मागच्या दारात उभी होती. हाताला पुरण, कपाळावर घाम, आणि नजर अशी की मी काही केलेलं नसताना मला आजवर केलेलं सगळं आठवायला लागलं.

"अगं आई, नेट उभं करतोय नुसतं," संग्रामदादा म्हणाला. "खुंट्या ठोकल्याशिवाय राहणार कसं ते?"

"आज पंचमी हाय. भुईत लोखंड घालायचं न्हाई. खाली कुणाच्या डोक्यात बसंल ते तुला दिसणार हाय व्हय?"

संग्रामदादा हा आत्याचा मुलगा. चाकणला कंपनीत नुकताच लागला होता आणि त्या वर्षी नागपंचमीला आत्याला माहेरी आमच्याकडे घेऊन आला होता. येताना पुण्याहून माझ्यासाठी आणि धाकट्या तनूसाठी बॅडमिंटन-व्हॉलीबॉलचा एकत्र संच आणला. रस्त्याकडेला मांडून विकतात तसला, स्वस्तातला. एका लांब पिशवीत सगळं मावायचं. एकात एक बसणारे पाइप, हिरवं नायलॉनचं नेट, रॅकेटी, प्लास्टिकची फुलं, पिवळा व्हॉलीबॉल, त्याचा पंप, आणि दोऱ्या ताणून बांधायला लोखंडी खुंट्या. पाइपाला वरचा तुकडा जोडला की नेट व्हॉलीबॉलच्या उंचीला जायचं, काढला की बॅडमिंटनच्या. पिशवीवर हिरवळीत उड्या मारणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. त्यांच्याकडे पंचमी पाळणारी आत्या नसावी.

आमच्याकडे पंचमीला चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमीन उकरत नाहीत. पण बाकीच्या घरांत हे जरा सांभाळून घेतात. एखादीनं कोथिंबिरीची काडी सुरीनं कापली तर शेजारीण पाहून न पाहिल्यासारखं करते. आत्याजवळ असलं काही चालायचं नाही. ती आली की आदल्या दिवशीच घरातली विळी, सुऱ्या, कोयता, आईची शिवणाची कात्री, आप्पांची दाढीची पाती, सगळं गोळा करून एका जुन्या लुगड्यात बांधायची आणि धान्याच्या कोठीत घालायची. नेलकटरसुद्धा सुटायचं नाही. भावासाठी आदल्या दिवशी बहिणी उपवास धरतात, तो बाकीच्या साबुदाणा खाऊन धरत. आत्या कडकडीत धरायची, तोंडात पाणीही घ्यायची नाही. आणि त्या दोन दिवसांत आप्पा, म्हणजे माझे वडील, घराबाहेर पडले की ते परत येईपर्यंत तिचं लक्ष रस्त्याकडे असायचं. आम्हा पोरींना वाटायचं, माहेरी आलेल्या बहिणीचं कौतुक असेल.

मी मुळात भित्री. अंधाराला, कुत्र्याला, गणिताच्या बाईंना, सगळ्यांना भ्यायचे. पण आत्याइतकं कुणाला भ्यायले नाही.

"बरं, भुईला हात लावत न्हाई," संग्रामदादा म्हणाला. आत्या आत गेल्यावर त्यानं मला डोळा मारला. "वैजू, रंगाचे मोकळे डबे हायेत का गं?"

डबे होते. घर रंगवलं तेव्हाचे, गोठ्यात पडलेले. त्यात पाइप उभे करायचे आणि भोवती दगड भरायचे, अशी युक्ती त्यानं काढली. दगडांना तोटा नव्हता. आवाराच्या टोकाला जुन्या गोठ्याची भिंत पडून ढीग झाला होता, त्यावर गवत माजलं होतं. आम्ही तिघं दगड वाहायला लागलो. तनू पाच वर्षांची, तीही एकेक लहानसा दगड पोटाशी धरून आणत होती. तिच्या पायांत आत्यानं आणलेले नवे पैंजण होते, ती चालली की आवारभर छुमछुम चालायची. हरवू नयेत म्हणून आत्यानं त्यांच्या कड्या दातांनी दाबून पक्क्या बसवल्या होत्या.

ढिगाच्या आत हात घातला तर गार लागलं. एक मोठा दगड सरकवला आणि खालच्या पोकळीतून काहीतरी पांढुरकं, कागदासारखं माझ्या बोटांना लागलं. मी किंचाळले.

"काय झालं?"

"कात हाय दादा. सापाची."

संग्रामदादानं ती काडीनं उचलून पाहिली. त्याला गंमत वाटत होती. "कात टाकून गेलाय. गेला म्हंजी गेलाच की!" असं म्हणून त्यानं ती कुंपणापलीकडे भिरकावली.

हे शास्त्र त्याला चाकणला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पण तो मोठा होता, कमावता होता. मी ते मानलं, तरी पुढचा दगड उचलताना आधी पायानं हलवून बघितला.

नेट उभं राहिलं, पण ताण म्हणून नव्हता. मधे झोळ आला आणि खालची कड गवतात लोळायला लागली. तरी आम्ही दुपारपर्यंत बॅडमिंटन खेळलो. आईही पदर खोचून थोडा वेळ आली. तिनं मारलेलं फूल संग्रामदादाच्या नाकावर बसलं आणि ती इतकी हसली की आत्यानं आतून हाक मारली, "अगं, पुरणाची दिंडं उकडायची ऱ्हायलीत!" मग संग्रामदादानं पाइपांना वरचे तुकडे जोडले, नेट उंच केलं, व्हॉलीबॉलमध्ये हवा भरली. "जेवून मॅच," तो म्हणाला.

आप्पा जेवायला नव्हते. ते दुधाचा टेम्पो चालवायचे, आणि दुधाला सण नसतो. संध्याकाळी येतो म्हणून सकाळीच गेले होते.

आम्ही जेवत असताना वाऱ्याची एक झुळूक आली आणि मागं काहीतरी धपकन पडलं.

"पडलं वाटतं तुझं नेट," आई म्हणाली.

"पडू दे. जेवून उभं करू." संग्रामदादानं दिंडावर आणखी तूप घेतलं.

तनूचं जेवण आमच्याआधी झालं होतं. ती उठून केव्हा बाहेर गेली, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी हात धुवायला मागच्या दारी गेले. नेट गवतावर पसरलं होतं. त्याच्या मधोमध तनू बसली होती, मांडीवर पिवळा बॉल घेऊन.

"ताई, पाय निघंना," ती म्हणाली. पैंजणाचे घुंगरू नेटमध्ये अडकले होते. तिनं पाय ओढला. नेट सरसर सरकलं.

मग तिनं ओढायचं थांबवलं, तरी नेट हलत होतं. वारा पडला होता. दगडांच्या ढिगाच्या बाजूनं नेट आपोआप वर उचललं जात होतं, खाली पडत होतं. आणि मग त्या हिरव्या जाळीतून फणा वर आला.

नाग होता. जाळीचे फास त्याच्या मानेमागं रुतले होते, खालचं अंग नेटमध्ये पिळा घालून अडकलं होतं. तो तनूपासून माझ्या दोन हातांवर होता. त्यानं फूत्कार टाकला, तो मला दारात ऐकू आला.

मला ओरडता येईना.

"ताई, त्यो बघ," तनू म्हणाली आणि घाबरून तिनं पुन्हा पाय ओढला.

नेट सरकलं. त्याच्याबरोबर नागही तिच्याकडे ओढला गेला. तेव्हा मला कळलं की दोघं एकाच जाळ्यात आहेत, आणि ही जितकी सुटायला बघेल तितका तो जवळ येईल.

"तनू, हलू नगंस!" माझा आवाज फुटला. "पाय ओढू नगंस! आई! आई गं!"

सगळे धावत आले. आईनं पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. संग्रामदादानं कोपऱ्यातली काठी उचलली.

"मारू नगंस!" आत्या ओरडली. "चुकला तर पोरीवर जाईल. त्यो पाइप दाब आधी, जाळं सरकू देऊ नगंस."

ते बरोबर होतं. संग्रामदादा लांबून वळसा घालून ढिगाच्या बाजूला गेला आणि आडव्या पडलेल्या पाइपावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला. नेटचं ते टोक पक्कं झालं. पण आता त्याला तिथून हलता येईना. नाग त्याच्याकडे वळला, पुन्हा तनूकडे वळला. संग्रामदादाचं सकाळचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

आई तनूच्या मागून बसत बसत गेली. तिला काखेत धरून दुसऱ्या हातानं पैंजणाशी झटायला लागली.

"कडी निघंना! वन्सं, कडी निघंना!"

"निघायची न्हाई," आत्या म्हणाली. "मीच दाबलीया."

"मग जाळी कापा! कायतरी आणा! वैजू, कात्री आण!"

कात्री कोठीत होती, लुगड्यात, आत्यानं मारलेल्या गाठीखाली. मी आत्याकडे बघितलं. आत्या कुणाकडेच बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते. मग ती वळून आत गेली.

ती जितका वेळ आत होती तितका वेळ मी तनूशी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. बॉल घट्ट धर म्हणाले, डोळे मीट म्हणाले, उद्या तुला माझी रॅकेट देते म्हणाले. तनू मुसमुसत होती आणि प्रत्येक हुंदक्याला घुंगरू वाजत होते. तो आवाज मला आजही सहन होत नाही. माझ्या मुलींना मी कधी पैंजण घातले नाहीत.

आत्या आली. हातात आईची शिवणाची कात्री.

आईनं हात पुढं केला. "द्या इकडं."

"तुला दोन भाऊ हायेत," आत्या म्हणाली. "आज बाईनं कापलं तर भावावर येतं. कात्रीला हात लावू नगंस."

"वन्सं, ही काय येळ हाय का!"

"आई, मला दे, मी कापतो. तू हितं येऊन पाइप दाब," संग्रामदादा तिकडून ओरडला.

"तुझा पाय निघाला तर जाळं सुटंल. उभा ऱ्हा तिथंच."

मी पुढं झाले. खरंच झाले, कशी ते मला माहीत नाही. "आत्या, मी जाते."

"तू लेकरू हाईस. हो मागं."

मग तिनं जे केलं ते मला पुसता येणार नाही इतकं लख्ख आठवतं. ती नेटवर गेली आणि तनू नि नाग यांच्यामध्ये बसली. तोंड तनूकडे आणि पाठ नागाकडे. नाग डसला असता तर तिच्या पाठीला डसला असता. पदर तिनं घट्ट लपेटून घेतला आणि मान न वळवता म्हणाली,

"दादा, एवढा गुन्हा पोटात घाल. पोरगी हाय रं. लहान हाय."

ती नागाशी बोलत होती.

मग कात्री वाजली. नायलॉन चिवट होतं, कात्री शिवणाची, बोथटलेली. एकेक दोरा तोडताना आत्या डोळे मिटत होती. मी तिच्या तोंडासमोर उभी होते म्हणून मला दिसलं. मागं नागानं फणा आपटला. जाळीनं त्याला मागं खेचलं आणि तो आत्याच्या पदराच्या काठाशी गवतात आदळला. आई किंचाळली. आत्या थांबली नाही. पुन्हा कात्री वाजली, पुन्हा एकदा, आणि आईनं तनूला जी उचलली ती थेट घरात नेली. तनूच्या पायाला हिरव्या जाळीचा एक तुकडा लोंबत होता.

आत्या बसल्या जागी पुढं सरकत बाहेर आली. संग्रामदादानं पाइप सोडला आणि पळत जाऊन कोंबड्यांचं डालगं आणलं. ते काठीनं ढकलत नागावर पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि कुंपणाशी जाऊन ओकला.

"डालगं आधीच टाकलं असतं तर?" आई नंतर दारात येऊन म्हणाली. "कापायचीबी गरज पडली नसती."

आत्यानं हातातली कात्री अजून खाली ठेवली नव्हती.

गावातल्या सर्पमित्राला फोन केला, तो आला. त्यानं नागाची मान आकड्याखाली धरली आणि कात्री मागितली. आत्यानं दिली. "एकदा मोडलं ते मोडलं," ती म्हणाली. त्यानं जाळीचे फास कापून काढले, नागाला बरणीत घेतलं, कात्री आत्याला परत दिली आणि नाग कॅनॉलपलीकडे सोडायला नेलं. जाताना त्यानं उपसलेल्या ढिगाकडे बघितलं.

"तुम्ही त्याचं घरच उपसलं की," तो म्हणाला. "भर दुपारी जाणार कुठं तो?"

आम्ही भुईत खुंटी ठोकली नव्हती. त्याला लागू नये म्हणून.

मला वाटलं, संपलं. तनू आईच्या मांडीवर झोपली होती, तिच्या पायाला ओरखडाही नव्हता. पण आत्यानं संग्रामदादाला हाक मारली. "हणमाला फोन लाव."

हणमा म्हणजे आप्पा. संग्रामदादानं फोन लावला. स्वयंपाकघरातल्या फळीवर आप्पांचा फोन वाजायला लागला. सकाळी चार्जिंगला लावून ते तसेच गेले होते.

तो वाजत होता आणि आत्या त्याच्याकडे बघत होती. तिचे हात असे कापायला लागले की कात्री खाली पडली. नागाकडे पाठ करून बसताना ते कापले नव्हते.

"येतील की गं," संग्रामदादा म्हणाला. "रोजचंच हाय त्यांचं."

आत्या कात्री उचलून पुढच्या पायरीवर जाऊन बसली. चहा नेला, तो गार झाला. पंचमीचा फेर धरायला वस्तीवरच्या बायका बोलवायला आल्या, त्यांना ती ओळखलं नसल्यासारखं बघत राहिली.

"आत्याला काय झालंय?" मी आईला विचारलं. आई दिवा पुसत होती. तिनं तनूच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या आप्पांना एक भाऊ हुता. दिनकर. दिन्या म्हणायची सगळी. वन्सं लहान हुत्या तवा पंचमीला त्यानं पेरूसाठी हट्ट धरला. दातांनी फोडता यीना त्याला, म्हणून वन्संनी गपचीप विळीवर चिरून दिला. त्याच दिवशी सांजच्याला बांधावरनं येताना त्याच्या पायाला पान लागलं."

साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

"मग?"

"मग काय. दवाखान्यात न्हेऊस्तवर गेला." आईनं वात पुढं सरकवली. "त्याच्यामागं तुझं आप्पा हे एकच भाऊ ऱ्हायल्यात त्यास्नी."

मी पुढच्या दारात जाऊन आत्याच्या मागं उभी राहिले. दुपारी वाटली होती ती भीती वेगळी होती, ती डोळ्यांना दिसत होती. ही दिसत नव्हती. आप्पा टेम्पो डेअरीत लावून उसाच्या कडेनं, बांधावरनं चालत यायचे. त्याच बांधावरनं. पायांत साध्या चपला. अंधारून यायला लागलं होतं आणि ऊस माणसाच्या वर गेला होता. मला शाळेत शिकवलं होतं की पेरू चिरल्यानं काही होत नाही. मला ते पाठ होतं. तरी मी मनात म्हणत होते, आज आप्पा रस्त्यानं येऊ देत, बांधावरनं नको.

रोजची वेळ टळली. संग्रामदादा बॅटरी घेऊन शोधायला निघायच्या बेतात होता. आई तुळशीपुढं दिवा ठेवून तिथंच उभी राहिली.

मग उसाच्या कडेला काहीतरी हललं आणि आप्पांचा खोकला ऐकू आला.

"टेम्पो पंक्चर झाला," ते लांबूनच म्हणाले. "स्टेपनीबी बसलेली. मग काय... अगं, सगळी अशी उभी का?"

आत्या अनवाणी धावली. अंगणाच्या तोंडाशीच तिनं त्यांना धरलं आणि ओढत पायरीवर आणून बसवलं.

"चपला काढ."

"आगं अक्का, झालंय काय?"

"काढ म्हणते न्हवं."

आप्पांनी चप्पल काढली. आत्या खाली बसली आणि त्यांचा पाय तिनं मांडीवर घेतला. आमचे आप्पा गावात आडदांड म्हणून प्रसिद्ध, आणि ते गुमान बसून राहिले. "वैजू, बॅटरी धर," आत्या म्हणाली. मी धरली. ती पदरानं चिखल पुसत होती, घोटा बघत होती, एकेक बोट वेगळं करून बघत होती. आप्पा माझ्याकडे बघून भुवयांनी विचारत होते, काय झालं?

मग त्यांना पायरीवरची कात्री दिसली.

त्यांनी हात पुढं करून आत्याच्या डोक्यावर ठेवला. एवढ्या थोरल्या बहिणीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"अक्का," ते हळूच म्हणाले. "दिन्या पेरूनं न्हाई गं गेला. अंधारात त्याचा पाय पडला. तुझा काय दोष न्हवता."

आत्यानं मान वर केली नाही. तिनं तो पाय जपून खाली ठेवला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "दुसरा पाय दे."